घर उलटं करून हलवलं तर

स्वयंपाकघर माझ्यामुळेच जळलं. तेल तापत ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन लोळले. शाळा सोडल्यापासून दिवसभर घरात मी एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही नव्हती. बाबा कामावरून आले, काळ्या भिंतीकडे बघितलं आणि हात भाजला का विचारलं. मी नाही म्हटलं. संपलं बोलणं. आई घर सोडून गेल्यापासून आमचं एवढंच असतं.

घराचा विमा दोन प्रकारचा असतो हे तेव्हा कळलं. एक इमारतीचा, एक आतल्या सामानाचा. इमारतीचा बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारलेला, तो चालू होता. सामानाचा आई भरायची. ती गेली, तो बंद पडला, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ओव्हन बाबांनीच कपाटात पक्का बसवलेला, म्हणून तो इमारतीत. फ्रिज नुसता उभा, म्हणून सामान. आणि पुरता जळून कामातून गेला होता तो फ्रिजच.

बाबा सुतार आहेत. विम्याची माणसं यायच्या आदल्या संध्याकाळी ते चार पट्ट्या आणि आठ स्क्रू घेऊन आले आणि मला बॅटरी धरायला सांगितलं. फ्रिज भिंतीला जखडला की तो इमारतीचा झाला, असा हिशोब. तासभर खांद्याला खांदा लावून होतो. वर धर, अजून वर, हां. वरच्या पट्ट्या आधी लावायच्या आणि काढायची वेळ आली तर शेवटी काढायच्या, नाहीतर फ्रिज अंगावर येतो, हेही सांगितलं. इतकं मी शाळेत कुणाचं ऐकलं नाही. शेवटी म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा." त्यावर मी रात्री दोनदा जेवले.

सकाळी बाबा कामावर गेले आणि विमावाल्या बाई आल्या. "बाळ, घरात मोठं कोणी आहे का?" बाळ म्हटल्यावर डोकं सरकलंच माझं. मीच मोठी, म्हटलं.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी सोपं करून सांगितलं. घर उलटं धरून हलवायचं. जे पडेल ते सामान, जे पडणार नाही ते घर. मला हसू आलं, आणि मग गेलं. आई तर न हलवताच पडली होती. मी कशाला धरून होते, ते काही मला सापडेना.

मग त्या फ्रिजपाशी वाकल्या आणि मलाही दिसलं. सगळी भिंत काजळीने काळी, आणि प्रत्येक पट्टीभोवती चार बोटं जागा लख्ख पांढरी. घाण भिंतीवर बाबांचा हातच चालत नाही, त्यांनी आधी फडकं मारलं होतं. आठही स्क्रूच्या खाचा एका रेषेत उभ्या. सवयच ती.

"काम सुबक आहे," बाई म्हणाल्या. माझे कान तापले. पुढचं त्यांनी ओव्हनकडे बघत सांगितलं. एक गोष्ट खोटी निघाली की ओव्हन, ओटा, भिंत, कशाचेच पैसे मिळत नाहीत. "कॅमेरा गाडीत राहिलाय. दहा मिनिटं लागतील मला. जे दिसेल त्याचा फोटो काढीन."

दार आपटावंसं वाटलं त्यांच्यामागे. आपटलं नाही. बाबांचा हत्यारांचा डबा ओढला आणि बसले. स्क्रू इतके आवळलेले की तळहात सोलला. कालचा तासभर मी एकटीने उलटा फिरवत होते, आणि बॅटरी दातात धरली होती.

बाई आल्या. पांढऱ्या डागांकडे आणि भोकांकडे त्यांनी बघितलंच नाही. ओव्हनचे, ओट्याचे, भिंतीचे फोटो काढले. फ्रिजपुढे कागदावर लिहिलं, सामान.

संध्याकाळी बाबांना ओट्यावर वाटीत आठ स्क्रू दिसले. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता महिनाभर अबोला. त्यांनी स्क्रू एकेक करून डब्यात टाकले.

"आधी कुठला काढलास?"

"खालचा."

"हं," म्हणाले, आणि माझा तळहात उलटा करून उजेडात बघायला लागले.