दिगूचं स्थळ

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्याने आधी डोकं तपासून घ्यावं, असं बजावून सावळीरामने चहाचा पहिला घोट घेतला. एकलहऱ्याच्या कॉलनीबाहेर, ललितच्या टपरीवर, त्याच्या गोष्टी अशाच सुरू होत. ऐकायला मनोज होता, पाळी संपवून आलेला. अक्काबाई होत्या, नातवाला क्लासला सोडून परतताना टेकलेल्या. मागच्या बाकावर सावळीरामची नात संजना फोनमध्ये डोकं घालून बसली होती. आजीने तिला आबांना बोलवायला पाठवलं होतं. आबा गोष्ट अर्धी टाकून उठत नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून तिनेही चहा सांगितला.

सावळीरामने वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर उभा जन्म काढला, पण त्याचं खरं काम स्थळं जुळवायचं. आसपासच्या बौद्ध वस्त्यांत त्याने जुळवलेलं एकही लग्न मोडलं नाही, असं तो सांगे. जी मोडली ती दुसऱ्या कुणी जुळवली होती. मुलगी बघायला गेला की शिक्षण-पगार तो इतरांना विचारू देई. स्वतः एकच विचारी, तेही निघताना, चपलेत पाय सारत: रुसल्यावर जेवता का? मुलालाही तेच. रुसूनही जेवणारं माणूस संसार करतं, उपाशी रुसणारं सगळ्या घराला उपाशी ठेवतं, हे त्याचं शास्त्र होतं. पण हल्ली पोरं आपापलं ठरवून येत आणि सावळीरामच्या हातात थेट लग्नपत्रिका पडे. हाती एक स्थळ उरलं नाही. माणूस वाळत चालला होता.

अशात त्याला नातीचं प्रकरण कळलं. संजना गंगापूर रोडला चष्म्याच्या दुकानात काम करते आणि जाता-येता बसमध्ये फोनवर गोष्ट लिहिते. गोष्ट तिची, माणसं मात्र टीव्हीवरच्या एका मालिकेतली. ती मालिका चॅनलने मध्येच गुंडाळली. शेवटच्या भागात शाल्मली नावाची नायिका एकटीच एसटीत चढून निघून गेली आणि मागे दोघं उभे राहिले. एक मोटारवाला, तापट डॉक्टर ऋग्वेद. दुसरा गावाला नळाचं पाणी सोडणारा दिगू, आठवड्याला जेमतेम एक वाक्य बोलणारा. लग्न कुणाशी झालं ते कळलंच नाही. ज्यांना राहवेना त्यांनी मग आपापली शाल्मली लिहायला घेतली. याला फॅनफिक म्हणतात, आणि आपल्याला हवी ती जोडी जमावी म्हणून हट्ट धरून बसण्याला शिप करणं म्हणतात, हेही संजनानेच त्याला समजावून दिलं.

तिचे वाचक झाडून सगळे डॉक्टरच्या बाजूचे. डॉक्टर ओरडे, दार आपटे, मग तिच्या दारात येऊन रडे, आणि वाचकांना तेच हवं असे. संजनाला शाल्मली दिगूला द्यायची होती. एकदा तिने दिगूला शाल्मलीची कळशी नुसती उचलून द्यायला लावली, तर खाली लोकांनी लिहिलं, पुन्हा असं झालं तर वाचणं सोडू. दिगूच्या वतीने एक अक्षर कुणी लिहीना. शाल्मलीला डॉक्टरला हो म्हणायला लावते, नाहीतर गोष्टच बंद करते, असं ती जेवताना म्हणाली, तेव्हा सावळीरामचा घास हातात राहिला. मुलगा निर्व्यसनी, गावाला वेळेवर पाणी देणारा, आणि त्याच्या बाजूने बोलायला कुणी मध्यस्थ नाही.

"दिगूचं मी बघतो," तो म्हणाला.

बुद्धपौर्णिमेच्या आत शाल्मली दिगूला हो म्हणाली नाही, तर यापुढे कुणाच्या लग्नात मी तोंड उघडणार नाही, जेवायला तेवढं उघडेन, असं त्याने तिथेच जाहीर केलं. त्याची बायको कुसाबाई म्हणाली, एवढं तरी होऊ दे एकदाचं.

सावळीरामने आधी वाचकांचं भांडण नीट वाचून काढलं. एवढी माणसं एका लग्नासाठी एकमेकांच्या उरावर बसलेली, आणि त्यात एकानेही मुलाचं आडनाव विचारलेलं नव्हतं. गाव नाही, भाऊबंद नाहीत, मामाकडचे कोण ते नाही. नुसतं, तो तिच्याकडे बघतो कसा, यावर रणकंदन. असा मांडव त्याने जन्मात पाहिला नव्हता. बराच वेळ तो चष्मा पुसत बसला.

आणि तिथेच त्याचा हात चुकला. जुन्या सवयीने त्याने दिगूचा बायोडाटा तयार केला, उंचीसकट, आणि वधू-वरांच्या ग्रुपवर टाकला. तिथे पहिलाच प्रश्न आडनावाचा आला. सावळीरामने लिहिलं, अजून ठरायचं आहे. तरीही सिन्नरकडची एक बाई मुलीचा फोटो घेऊन दारात हजर झाली. मुलगा कुठे, तर पाणी सोडायला गेलाय. बाई तिन्हीसांजेपर्यंत बसली. शेवटी कुसाबाईला कणव आली आणि तिने सांगून टाकलं की मुलगा गोष्टीतला आहे.

बाईने फोटो पिशवीत ठेवता ठेवता विचार केला. "गोष्टीतला का असेना," ती म्हणाली, "पण पीत नाही ना?"

इथे अक्काबाई हसल्या, मनोजला ठसका लागला. सावळीराम हसला नाही. ती बाई नमुन्यादाखल होती, खरी मोहीम पुढे आहे, असं म्हणून त्याने दुसरा चहा मागवला.

तो मनमाडला गेला, असं त्याने सांगितलं. तिथे एका घरात दोन जावा या जोडीवरून फुटल्या होत्या, दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि मधला म्हातारा दोन्हीकडे जेवून इतका सुटला होता की त्याला दारातून आडवा काढावा लागे. सावळीरामने दोघींना एका ताटावर बसवलं. थोरलीने दिगूच्या बाजूने लिहिलं. गंगापूर रोडला तर डॉक्टरच्या पक्षाचा इतका जोर, की एका खऱ्याखुऱ्या डॉक्टरने दवाखान्याबाहेर पाटी लावली: तो मी नव्हे. तिथेही एक वहिनी त्याने फिरवली. तिथून वारं असं फिरलं की दुबईहून एक नर्स येऊन मिळाली.

मनोजने विचारलं, ही मंडळी लिहीत काय होती? सावळीरामला सगळं पाठ होतं. मनमाडच्या त्या थोरल्या मावशीने लिहिलं, डॉक्टर रुसला की ताट लोटतो, दिगू रुसला तरी दोन भाकरी खातो. गंगापूर रोडच्या वहिनीने विचारलं, शाल्मली रुसली तर तिचं ताट झाकून कोण ठेवील, तो की हा? दुबईच्या नर्सने लिहिलं, पाणी सोडणाऱ्या माणसाची किंमत वाळवंटात येऊन विचारा, आणि रुसूनही जेवणारा नवरा मिळायला नशीब लागतं. अशा एक नाही, ढीगभर बायका.

"आणि पौर्णिमेला?" अक्काबाईंनी विचारलं.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी शाल्मलीने दिगूला हो म्हटलं. त्या वेळी वीज केंद्राच्या चिमणीचा धूर हवेत जागच्या जागी थांबला होता, तो भाग वाचून झाल्यावरच पुढे सरकला. ज्याला खोटं वाटेल त्याने चिमणीला जाऊन विचारावं. डॉक्टरच्या बाजूचे काही वाचक सोडून गेले; वऱ्हाडात चार माणसं रुसायचीच.

"तर मंडळी, हे लग्न जुळवलं वाचकांनी," सावळीरामने पेला खाली ठेवला. "मी नुसता निमित्त. त्यातली एकही बाई पुन्हा भेटली तर मी ओळखणार नाही."

ललितने पेले गोळा केले. मनोजने मान हलवली, म्हणजे पटलं असं नाही, पण ऐकताना बरं वाटलं असं. संजनाने फोन पर्समध्ये टाकला आणि उठून आजोबांच्या समोर उभी राहिली.

"आबा, मला दिगूच हवा होता, म्हणून मी गप्प बसले," ती म्हणाली. "मावशी, वहिनी, नर्स, सगळ्यांना एकच पडलंय, रुसल्यावर जेवतो का. तेही चालवून घेतलं. पण काल रात्री आजीचं पिठलं करपलं, ते आज सकाळी दुबईच्या नर्सने कसं लिहिलं?"