भट्टीची तारीख

महिन्याच्या पहिल्या सोमवारी अमरशीभाईंच्या कारखान्यात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. टेबलावर गरम गाठिये, कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या असं सगळं मांडलेलं असायचं, पण हात पुढे व्हायचे नाहीत. त्या दिवशी योजनेची बैठक असायची.

योजना तिन्ही कासुंद्रा भावांनी मिळून आखली होती. मोरबीत भिंतीच्या छोट्या टाइल्स जो तो काढायला लागला होता आणि भाव पार बसले होते. तेव्हा असं ठरलं की पाच वर्षांत छोट्या टाइल्स बंद करायच्या, मोठ्या लाद्यांची नवी भट्टी उभारायची आणि माल परदेशी पाठवायचा. ठरल्यासारखं चाललंय की नाही, हे बघायचं काम धाकट्या विपुलच्या बायकोकडे, हर्षिदाकडे आलं. राजकोटला ती व्यवस्थापन शिकली होती.

पण अमरशीभाई तिचे थोरले दीर. त्यांच्यासमोर ती पदर कपाळाखाली ओढून बसायची आणि घरच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यादेखत तोंड उघडायची नाही. प्रश्न नवऱ्याच्या कानात सांगायची, तो मोठ्याने विचारायचा.

"भट्टीच्या विटा आल्या का, गोरधनभाई?" विपुल विचारायचा.

मधले भाऊ गोरधनभाई अमरशीभाईंकडे बघत म्हणायचे, "येतायत. होऊन जाईल."

सगळ्यांचं उत्तर हेच. होऊन जाईल, मोटाभाई. आदल्या वर्षी एका मॅनेजरने "महिनाभर उशीर होईल" असं म्हणायचं धाडस केलं होतं. अमरशीभाईंनी हातातला कप भिंतीवर फोडला आणि त्याला भर बैठकीतून घरी पाठवलं. तो परत आला नाही. तेव्हापासून बैठकीच्या खोलीतल्या फळ्यावर प्रत्येक कामापुढे 'वेळेवर' असा हिरवा ठिपका लागत गेला. एखाद्या महिन्यात पाऊस येतो, कंटेनर बंदरात अडकतो, माणूस आजारी पडतो; पण या फळ्यावर कधी काही अडलंच नव्हतं. हर्षिदाला नेमकं हेच खटकायचं.

नवी भट्टी दिवाळीनंतरच्या पाचव्या दिवशी, लाभपंचमीला, पूजा करून सुरू व्हायची होती. मोठ्या लाद्यांची पहिली मागणी देणारे मस्कतचे मोठे व्यापारी नासिरभाई त्या दिवशी मुद्दाम येणार होते.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी हर्षिदा एकटीच भट्टीकडे गेली. सुट्टीमुळे आवार रिकामं होतं. शेडमध्ये आगगाडीसारखी लांबलचक भट्टी पसरली होती. फळ्याप्रमाणे ती दिवाळीच्या कितीतरी आधी पेटलेली असायला हवी होती, कारण नवी भट्टी ओल जाईपर्यंत मंद आचेवर तापवत ठेवावी लागते. ती जवळ गेली. बाहेरच्या पत्र्याच्या सांध्यांतून वाफ येत होती आणि आतून मधूनच कट्, कट् असा आवाज होत होता, कुणी दाताने सुपारी फोडावी तसा.

इंजिनियर देत्रोजा बर्नरपाशी घामाघूम उभा होता.

"कधी पेटवली?" तिने विचारलं.

"परवा, भाभी."

"परवा? अहो, फळ्यावर तर..."

"फळ्यावर काय, काहीही असतं." त्याने मान खाली घातली. "विटा उशिरा आल्या. शेडचं छप्पर अर्धवट होतं, नवरात्रात पाऊस पडला, सगळ्या भिजल्या. गोरधनभाई म्हणाले, बोलू नकोस, आच वाढव, दिवस भरून निघतील."

"आणि आतलं पाणी?"

"वाफ होऊन विटा फोडतंय." आत पुन्हा कट् झालं आणि दोघंही एक पाऊल मागे सरकले.

घरी येऊन तिने विपुलला गाठलं. तो मुलांसोबत फटाके वाळवत बसला होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला.

"लाभपंचम होऊन जाऊ दे. मग सांगू."

"तोवर भट्टीचं छत खाली आलं तर? पूजेला अख्खं घर तिथे उभं असणार आहे, विपुल. मुलंसुद्धा."

"अगं, पण त्यांना सांगणार कोण? तू?"

ती गोरधनभाईंच्या बायकोकडे गेली, तिच्यामार्फत त्यांना निरोप दिला, की मोटाभाईंना तुम्हीच सांगा. उलटा निरोप आला: "हवं ते कर, माझं नाव घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरशीभाई भट्टीपाशी मांडव कुठे घालायचा ते बघायला आले. भाऊ, देत्रोजा, मांडववाला सगळे मागे हात बांधून उभे होते. हर्षिदा शेडच्या दारात आली. आतला आवाज आता थांबून थांबून नव्हे, सतत येत होता.

"मोटाभाई," ती म्हणाली. "भट्टी बंद करायला सांगा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा आवाज त्यांनी असा समोरून कधी ऐकला नव्हता. ते वळलेसुद्धा नाहीत. विपुलला म्हणाले, "घरी ने हिला."

विपुल जागचा हलला नाही. हलायचीही त्याला भीती वाटत असावी.

"विटा ओल्या आहेत," ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "पेटवून तीनच दिवस झालेत. फळ्यावरचं सगळं खोटं आहे. तुमच्या भीतीने लिहिलेलं आहे."

"कुणाच्या भीतीने?" अमरशीभाई गर्रकन वळले. "कोण म्हणालं? नाव सांग!"

"नाव नाही सांगणार."

"मग मी सांगतो. पंचमीला भट्टी चालणार. मस्कतहून माणूस येतोय, त्याला काय थंड पत्रा दाखवू? देत्रोजा, आच कमी करायची नाही!"

देत्रोजाने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात भट्टीच्या मधल्या भागात धप्प असा जड आवाज झाला. जमीन हलली. सांध्यातून धूळ आणि वाफेचा लोट बाहेर आला. मांडववाला बांबू टाकून पळाला.

"गॅस बंद करा!" हर्षिदा ओरडली.

देत्रोजाने कुणाची वाट न बघता मुख्य चावी फिरवली. बर्नर एकामागून एक विझत गेले. सगळे बाहेर पळाले. मागे कोण राहिलं म्हणून हर्षिदाने वळून बघितलं, तर अमरशीभाई तिथेच उभे होते. विपुलने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

भट्टी थंड झाल्यावर उघडली. छताच्या विटांची मोठी रांग खाली कोसळली होती. बाजूच्या विटा नुसत्या लोंबकळत होत्या. त्या दिवशी अमरशीभाई घरी जेवले नाहीत. हर्षिदाला वाटलं, आता आपल्याला माहेरी पाठवणार. दोन दिवस ती पेटी भरायची का नाही, याच विचारात होती.

पंचमीच्या सकाळी त्यांनी मोटारीतून उतरणाऱ्या नासिरभाईंना स्वतः भट्टीपाशी नेलं, पडलेल्या विटा दाखवल्या. नासिरभाईंनी एक वीट उचलून उलटीसुलटी केली. मग म्हणाले, "अर्धा माल मी दुसरीकडून घेतो, शेठ. अर्ध्यासाठी होळीपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही."

पुढच्या बैठकीला हर्षिदाने फळा पुसून टाकला. मोठ्या लाद्यांचा बेत तसाच ठेवला, तारखा सगळ्या नव्याने मांडल्या आणि छोट्या टाइल्सची जुनी भट्टी अजून वर्षभर चालू ठेवायची असं सुचवलं. या वेळी ती थेट बोलली.

"गोरधनभाई, परदेशी मालाचं गोदाम कधी पुरं होणार?"

गोरधनभाईंनी भावाकडे बघितलं. "नाही होणार," ते शेवटी म्हणाले. "या महिन्यात नाही होणार."

अमरशीभाईंच्या हातात चहाचा कप होता. सगळ्यांची नजर त्या कपावर. त्यांनी तो खाली ठेवला, फार सावकाश.

"मग कधी?" त्यांनी विचारलं.

भट्टी माघात पुन्हा पेटली, मंद आचेवर. पहिली लादी बाहेर येणार त्या दिवशी सगळे लांब, शेडच्या दारापाशी उभे होते. जवळ जायला कुणी तयार नव्हतं, अमरशीभाईसुद्धा. लादी रुळांवरून सरकत आली. एका कोपऱ्यात वाकली होती. देत्रोजाने ती बाजूला काढली, आच थोडी बदलली आणि सगळे दुसरीची वाट बघत राहिले.