रांगेत पहिली

ज्या वर्षी अंबूबाईंच्या ललितला मुंबईला विमान कंपनीत नोकरी लागली, त्या एकोणीसशे पंचाण्णव साली नाशिकच्या भद्रकालीतल्या एका दुकानात मी शिवून तयार झाले. मित्रांनो, आज मी एक जुनी, रेक्झिनची बॅग आहे. पण तेव्हा माझी चेन एका बोटाने सरकत असे. अंबूबाईंचे यजमान सावळीराम मला भाजीच्या पाटीजवळसुद्धा ठेवू देत नसत.

पुढच्याच माघात अंबूबाईंचे धाकटे भाऊ मोतीराम दिल्लीच्या इस्पितळात अंथरुणाला खिळले. "अक्काला पाहायचंय," एवढाच निरोप आला. नोकरांच्या घरच्यांना मिळणारी फुकट तिकिटे ललितने आईवडिलांना दिली. "जागा उरली तरच बसवतात," असेही त्याने सांगितले. सावळीरामांनी त्यावरून एवढेच धरले, की लवकर जायला हवे.

भावाच्या तोंडाची चव गेली होती, म्हणून अंबूबाईंनी माझ्यात मळ्यातली कोवळी मेथी भरली.

आमच्या बाजारात आधी आलेल्याची पाटी पुढे असते. माणूस चहाला गेला तरी तिला कोणी मागे सारत नाही. सोमवारी सकाळी मुंबईच्या विमानतळावर सावळीरामांनी मला तशीच तिकिटाच्या खिडकीसमोर सगळ्यांच्या पुढे ठेवले आणि दोघे भिंतीला टेकून बसले.

विमान सुटायच्या सुमारास एक साहेब धावत आले. ते नेहमीचे प्रवासी, म्हणून त्यांना पुढची रुंद खुर्ची मिळाली. त्यांची मागची जागा मोकळी झाली. अंबूबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. खिडकीतल्या मुलीने ती जागा दुसऱ्यालाच दिली.

"ताई, पिशवी आमची पहिली हाय," सावळीराम म्हणाले.

"आजोबा, इथं पिशवीचा नंबर नसतो. आधी पैसे भरलेले, मग आमच्या जुन्या नोकरांच्या घरचे, मग नव्यांच्या. तुमचा मुलगा आत्ताच लागलाय."

"मग आमच्या मागं कोण?"

"कोणीच नाही."

अंबूबाई म्हणाल्या, "चला, दिल्लीची गाडी धरू."

"आता निघालो आन् पुढच्या इमानात जागा उरली म्हंजे?"

"बाजार उठला तरी गिऱ्हाईक येईल म्हणून बसणारे तुम्ही."

तरी त्या बसल्याच. दुपारचे विमान गेले, संध्याकाळचेही गेले. बंद चेनच्या आत मेथी गरम होऊन लोळागोळा झाली. मला ना पुढे जाता येई, ना घरी परतता.

मंगळवारी सकाळी जागा उरल्या. दिल्लीला भावाच्या घरी अंबूबाईंनी माझी चेन उघडली, काळी पडलेली मेथी पाहिली आणि चेन पुन्हा ओढून घेतली. ती तिथेच अडकली. तेव्हापासून मी माळ्यावर आहे. थोडे मेण चोळले असते तर चेन सरकली असती.

मित्रांनो, वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच मागते, की कोणी तुमची वाट पाहत असेल, तर त्याची भेट उरलेल्या जागेवर ठेवू नका.

मोतीराम एकोणीसशे शहाण्णवच्या माघात गेले, सोमवारी दिवेलागणीला. त्या वेळी मी रांगेत पहिली होते.