काळी की पितळी

खरं सांगू का, मला श्रीनाथला नुसतं हरवायचं नव्हतं. मला त्याची जिरवायची होती. चारचौघांत, आणि तेबी त्याच्याच हातानं.

आधी रेवणसिद्धप्पांचं सांगते. अप्पा मंठाळचे मोठे शेतकरी. ल्योक अमेरिकेत, टेक्सासला. अप्पा तिकडं उन्हाळाभर राहिले आणि येताना डोक्यात एक खूळ घेऊन आले, काउबॉय नेमबाजी. म्हणजे जुन्या काळच्या तिकडच्या गुराख्यासारखी हॅट घालायची, बूट घालायचे, आणि जुन्या धाटणीच्या बंदुकीनं रांगेत उभे केलेले लोखंडी तवे पटापटा पाडायचे. जो आधी सगळे पाडील तो जिंकला. मी म्हणलं, "अप्पा, मंठाळात गुराखी काय कमी हाईत व्हय, अजून बनवायला निघालाव?"

अप्पा हसले. "अक्का, ह्या गुराख्याला गुरं लागत न्हाईत, हौस लागते."

माळावर त्यांनी मातीचा उंच बांध घातला, त्याच्यापुढं तवे मांडले आणि हैदराबादहून दोन बंदुका मागवल्या. खऱ्या न्हाईत, जुन्या बंदुकांच्या नकला, हवेवर छर्रा मारणाऱ्या. पण आतला खटाटोप अस्सल. चापाखाली एक लोखंडी कडी असते. बोटं तिच्यात घालून कडी पुढं ढकलायची आणि मागं ओढायची. रिकामी पुंगळी बाहेर उडते, भरलेली आत जाते. दर छर्र्याला हेच करायचं.

एक काळी, एक पितळी. पितळी दिसायला नवरीवानी. पिवळंधम्मक अंग, लांब नळी, चकचकीत लाकडाचा दस्ता. कुणीबी आलं की आधी तिच्याकडंच हात. काळी बिचारी आखूड, रंग उडाल्यागत. पण चालवून बघा! काळीची कडी एवढीशी हलवली की काम झालं. पितळीची कडी पार पुढं ढकलावी लागते, आणि घाईत जरा कमी ढकलली की पुंगळी आत आडवी बसलीच. मग बसा खिळ्यानं टोकरत. सावकाश मारायला पितळीचा नेम चांगला, हे मी मान्य करते. पण हा खेळ सावकाश मारायचा न्हाई.

"काळ्याच दोन घ्यायच्या होत्या की," मी अप्पांना म्हणलं.

"एक कामाची, एक फोटोची," अप्पा म्हणले.

मी मंठाळच्या हायस्कुलात पीटी शिकवते, म्हणून अप्पांनी मला पहिल्याच दिवशी बोलावलं. आणि आठवड्यानं बसवकल्याणहून मोटार घेऊन श्रीनाथ आला. माझ्या वर्गातला, रामाचार्य सरांचा मुलगा. आता मोठा इंजिनिअर, आणि तिथल्या पोरापोरींच्या नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी. काय तो थाट! कातड्याचं जाकीट, गुडघ्यापर्यंत बूट, बाजूनं वळलेली हॅट. मी आपली सलवार-कमीज आणि पीटीच्या बुटात. त्यानं हात जोडले, "काय पंचशीलाबाई, ओळख आहे ना?"

ओळख? झोपेतबी विसरले न्हाई मी त्याला.

नववीत एन.सी.सी. होती. पोटावर झोपून बंदूक मारायची. पोरींतच काय, पोरांतबी माझ्यासारखा नेम कुणाचा नव्हता. रामाचार्य सर आमचे एन.सी.सी.चे मास्तर. एक दिवस मी मारून उठले आणि श्रीनाथची पाळी आली. तो वाकला. दस्त्यावर माझा गाल टेकला होता तिथं बघितलं, मग बापाकडं बघितलं. तोंडातून शब्द काढला न्हाई. दुसऱ्या दिवशी सरांनी मला वेगळी बंदूक दिली. "पंचशीला, ही तुझी एकटीची. कुणाची कटकट नको तुला." किती मायेनं म्हणले! त्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकाला नेम धरायचं बोंड असतं ते, वाकडी होती. निवडीच्या दिवशी माझी एकबी गोळी जागेवर लागली न्हाई. बेंगळुरूच्या कॅम्पला श्रीनाथ गेला. मी घरी येऊन रडले. माझी आई इंदिराबाई विचारायली, "कामून रडायलीस गं?" तर मला सांगताबी येईना. कारण कुणी काही बोललंच नव्हतं.

तेबी मी गिळलं असतं हो. माणूस किती गिळतो. पण माझी प्रेरणा ह्याच्या क्लबात जायला लागली. चांगला नेम पोरीचा, आणि काही दिवसांत तोंड पाडून घरी यायली. "आई, माझा नेमच गेलाय." मी जाऊन बघितलं. पोरी नव्या बंदुका आलटून पालटून मारायल्या. प्रेरणा ओळीच्या शेवटाला, हातात एक जुनाट खटारा. श्रीनाथ म्हणला, "ही तिचीच ठेवलीय. हाताला सवय राहते." मी ती बंदूक डोळ्याला लावली. माशी हलायली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिथंच त्याच्या कानाखाली आवाज काढावा वाटलं. पण भांडले असते तर तो म्हणला असता, बाई, तुमचा गैरसमज झालाय, आणि उभ्या लोकांनी मान डोलवली असती. मी पोरीचा हात धरला आणि घरी आणलं. त्या दिवशी मी मनात डूख धरला.

त्यातच अप्पांनी जाहीर केलं. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, नंतरच्या रविवारी फायनल. जो जिंकेल त्यानं दर रविवारी ह्याच माळावर पोरांना शिकवायचं, बंदुका त्याच्या ताब्यात. प्रेरणानं शिकायला आधीच नाव घातलं होतं. म्हणजे हा जिंकला की माझी पोर पुन्हा ओळीच्या शेवटाला. आणि फायनलला आम्ही दोघंच उरलो. खोटं कशाला बोलू, त्याचा हात माझ्याहून चपळ. काळी हातात असली की तो मला दर वेळी मागं टाकायचा. आणि पाहुणा म्हणून पहिली निवड त्याची, हे अप्पांनी ठरवून टाकलेलं. तो काळी घेणार, मला पितळी उरणार.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अप्पांचा ट्रॅक्टरवाला वीरेशबी सरावाला यायचा. गालात तंबाखू, अंगाला घामाची धार. तो मारून झाला की श्रीनाथ त्याच्या हातून बंदूक सरळ घ्यायचा आणि गालाला लावायचा. मी मारून झाले की मात्र खिशातून पांढरा रुमाल निघायचा. दस्ता पुसायचा, हळूच, कुणाशी तरी बोलता बोलता. पहिल्यांदा मला वाटलं, घाम असेल. मग मी मुद्दाम वीरेशला माझ्या आधी आणि माझ्या नंतर मारायला लावलं. वीरेशनंतर रुमाल न्हाई. माझ्यानंतर रुमाल. दर वेळी.

मला राग यायला पाहिजे होता. पण तुम्हाला सांगते, मी गालातल्या गालात हसले. म्हणलं, बाबा रे, तूच मला वाट दाखवलीस.

फायनलच्या दिवशी माळ माणसांनी भरला. बायका, पोरं, हॅट घातलेले म्हातारे, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. अप्पांनी दोन्ही बंदुका टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणले, "अक्का, तू पीटीवाली. रिकाम्या हाईत का बघून दे, मग पाहुणे निवडतील."

मी पितळी बघून बाजूला ठेवली. मग काळी घेतली. कडी पुढं-मागं केली, नळी बघितली. मग सगळ्यांच्या देखत दस्त्याला गाल लावला, चांगला घासून लावला. आणि दस्त्यावर ओठ टेकून मुका घेतला. लोक हसले, कुणी शिट्टी मारली. मी वळले आणि काळी दोन्ही हातांनी श्रीनाथपुढं धरली.

"घ्या श्रीनाथराव. तुमच्या आवडीची."

त्याचा हात खिशाकडं गेला. रुमालाचं टोक बाहेर आलं. मी मान वळवून मोबाईलांकडं बघितलं, तसं त्यानंबी बघितलं. सगळं गाव त्याचं चित्र काढायलंय. तिथं पुसतो कसा? आणि न पुसता गाल टेकवतो कसा? कपाळावर घाम आला गड्याच्या. रुमाल आत गेला.

"आज पितळी घेतो," तो हसून म्हणला. "बाईंना त्यांच्या आवडीची राहू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा तर म्हणले, "ह्याला म्हणतात मोठं मन!" मला हसू आवरंना.

वीरेशनं शिट्टी फुंकली. श्रीनाथचे पहिले तवे माझ्याआधी पडले, टण्ण टण्ण टण्ण. पण त्याच्या हाताला काळीची सवय. घाई झाली तशी कडी अर्धीच ढकलायला लागला. आणि अडकली! पुंगळी आडवी. तो कडी ओढायलाय, हिसके द्यायलाय, हॅट पडली, बोटं सोलून निघाली. माझा शेवटचा तवा पडला तरी तो पितळीशी झटतच होता.

मी त्याच्याजवळ गेले. हळूच म्हणलं, कुणाला ऐकू जाणार न्हाई असं, "पुसली असती तरी चाललं असतं की." त्याचं तोंड पांढरं पडलं. वाकून पडलेली हॅट उचलली त्यानं.

मी काही मोठ्या मनाची न्हाई. माझं तेवढ्यानं भागलं न्हाई.

पुढच्या रविवारी पोरं जमली. श्रीनाथची मुलगी श्रीलक्ष्मी, प्रेरणाच्याच वयाची, बापाकडं हट्ट करून आली होती. बाप मोटारीला टेकून उभा. मी पितळी अप्पांच्या बैठकीत खुंटीला टांगून आले आणि पोरांना सांगितलं, "इथं कुणाची वेगळी बंदूक न्हाई. एक काळी, सगळ्यांची. एकाची झाली की दुसऱ्याच्या हातात."

पहिली पाळी प्रेरणाला दिली. ऊन तापलं होतं. पोरीनं गाल दाबून सगळे तवे पाडले. दस्ता घामानं ओला झाला. तिनं बंदूक श्रीलक्ष्मीच्या हातात दिली.

"लक्ष्मी, थांब!" मोटारीजवळून आवाज आला.

सगळी पोरं वळली. श्रीनाथ दोन पावलं पुढं आला होता, हातात तो पांढरा रुमाल.

"काय झालं, बाबा?" पोरीनं विचारलं.

मी त्याच्याकडं बघत राहिले. बोल की. नववीपासून वाट बघायले मी, एकदा तरी तोंडानं बोल.

त्याचे ओठ हलले. रुमाल मुठीत चुरगळला. "काही नाही," तो म्हणला.

श्रीलक्ष्मीनं दस्त्यावर गाल टेकवला, प्रेरणाचा घाम होता तिथंच, आणि चाप ओढला. तवा पडला.

"शाब्बास," मी म्हणलं. "गाल अजून घट्ट टेकव."