पट्टीवरची पाचवी छटा

धनंजय सरांचा फोन आला तेव्हा प्रभावती खिडकीपाशी पांढऱ्या रंगाचे सहा नमुने मांडून बसली होती. मस्कतच्या घरांना पांढऱ्याच्या आसपासचेच रंग लागतात. त्यामुळे रुसैलच्या रंगकारखान्यातली तिची अठरा वर्षं बहुतेक पांढऱ्यातला पांढरा ओळखण्यात गेली होती. गिऱ्हाईक फरशीचा तुकडा घेऊन येई, कुणी पडद्याची चिंधी आणी. ती त्यावर यंत्र टेकवी, आकडे वाची आणि तोच रंग जुळवून देई.

"ताई, कामात आहात का?"

"बोला सर," ती म्हणाली आणि नमुन्यांकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या लेकीने, शिवांगीने, सरांच्या सिनेमासाठी तीन ऑडिशन दिल्या होत्या. बारावीचं पुस्तक समोर उघडं ठेवून पोरगी आठ दिवस फोनकडे बघत बसली होती.

धनंजय पंधरा वर्षांपूर्वी पुण्याहून आला आणि त्याने इथे जाहिरातींची कंपनी काढली. त्याचं बस्तान बसलं ते गोरं करणाऱ्या एका क्रीमवर. आता तो त्याच धंद्याची टर उडवणारा सिनेमा काढत होता. क्रीमच्या जाहिरातीसाठी काळी मुलगी शोधणारी एक कंपनी, अशी गोष्ट होती. 'स्वतःच्या पापाचा सिनेमा काढतोय,' असं तो मराठी मंडळाच्या गणपतीत हसत सगळ्यांना सांगायचा, आणि लोकांना ते फार आवडायचं.

"शिवांगी हिरा आहे, ताई. पण लीडला यशश्रीला घेतलंय. मुंबईची आहे, दोन सिरियल झाल्यात तिच्या. पैसे लावणाऱ्यांना ओळखीचा चेहरा लागतो."

"पण ती गोरी आहे ना?"

"तेच तर सटायर आहे! काळीच्या रोलला गोरी रंगवून घेतलीय."

"सिनेमात कळणार आहे का, की ती रंगवलेली आहे?"

"नाही, तसं दाखवणार नाही आपण. पण ऐका ना, अडचण वेगळीच आहे. मेकअपचा रंग रोज निराळा येतोय. एक दिवस चॉकलेट, एक दिवस तव्याची काजळी. मला शिवांगीचाच रंग हवाय. तिनेच ऑडिशनला सांगितलं, आई कुठलाही रंग मोजून बनवून देते म्हणून. लहानपणी तुम्ही तिलाही मोजायचात म्हणे. फार गोड सांगितलं हो तिने."

प्रभावतीने खिडकीची कड धरली.

"एक सीन द्या तिला," ती म्हणाली. "बोलायचा. चेहरा दिसेल असा."

"मुलींच्या रांगेचा सीन आहे, त्यात एक लाइन देतो. यल्ला, चला, ठरलं?"

"ठरलं."

शिवांगी नऊ वर्षांची असताना ते सुरू झालं होतं. शाळेच्या नाटकात तिला राजकन्येच्या पालखीमागचं झाड केलं होतं. प्रभावती शाळेत भांडायला गेली नाही. ती सीबच्या सुकात, तिथल्या बाजारात, गेली आणि गोरं करणाऱ्या क्रीमचा डबा घेऊन आली. डब्यावरचे घटक तिने नीट वाचले, आठवडाभर स्वतःच्या दंडावर लावून पाहिलं आणि मगच पोरीच्या गालाला लावलं. डब्यात कागदाची पट्टी होती, तिच्यावर सात छटा, तपकिरीपासून दुधीपर्यंत. प्रभावतीने पाचवी धरली. सातवीवर तिचा विश्वास नव्हता. ती अशास्त्रीय वाटत होती.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती शिवांगीला प्रयोगशाळेत नेई. उजवा गाल, तीच जागा, तीन वेळा मोजून सरासरी. यंत्र उजळपणाचा आकडा देतं, शून्याला काळा आणि शंभराला पांढरा. पट्टीवरची पाचवी छटा त्रेसष्टला होती. शिवांगी सेहेचाळीसला होती. चौदा महिन्यांनी सत्तेचाळीस झाली. मग शाळेचे खेळ उन्हात झाले आणि पुन्हा पंचेचाळीस. यंत्राची थंड कडी गालाला लागली की पोर खिदळायची आणि विचारायची, "आई, पास?" आणि प्रभावती दरवेळी म्हणायची, "पास." बाविसाव्या महिन्यानंतर तिने डबा फेकला आणि संगणकातल्या सगळ्या नोंदी पुसल्या.

रोल गेल्याचं तिने धनंजयचा फोन आला त्या संध्याकाळी वरणाला फोडणी देताना सांगितलं. शिवांगी ओट्याला टेकून उभी होती. तिने पुढे होऊन गॅस बारीक केला.

"इट्स ओके," ती म्हणाली. मग, "लाइन आहे पण?"

"एक आहे."

"एक चालेल." आणि थोड्या वेळाने तिचा चेहरा उजळला. "आई, तू खरंच तो मशीन आणणार? तो आपला गेम? मी सांगितलं ना ऑडिशनमध्ये, ते सगळे सो इमोशनल झाले. धनंजय सर म्हणाले, एव्हरी गर्लला अशी आई पाहिजे."

नवीन यंत्र कारखान्याबाहेर नेता येत नसे. जुनं, त्यातले कारखान्याचे नमुने नव्यात हलवल्यावर, वापरातून बाद होऊन कपाटात पडलं होतं. मॅनेजर म्हणाला, न्या. नोंदींची एक प्रत यंत्राच्या पोटातही राहते, हे प्रभावतीने आजवर किती शिकाऊ पोरींना शिकवलं असेल. त्या दिवशी मात्र तिला ते आठवलं नाही.

शुक्रवारी सकाळी मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका व्हिलात शूटिंगची तयारी चालली होती. मेकअपला वजीरा होती. मूळची दापोलीची, सीबमध्ये नवऱ्या मुली सजवायची. यशश्री खांद्यावर टॉवेल घेऊन खुर्चीत बसली होती.

"या, प्रभाताई, या! तुमच्या लेकीचा रंग काय हाताला लागेना बघा. सकाळपासून हिचं तोंड तीनदा धुतलं. अजून एकदा धुतलं तर साल निघेल पोरीची."

"सॉरी हं, शिवांगी," यशश्री मनापासून म्हणाली. "मला खरंच ऑकवर्ड होतंय."

"नो नो, प्लीज," शिवांगी म्हणाली. ती स्टुलावर बसली, केस मागे घेतले आणि उजवा गाल पुढे केला. इतक्या वर्षांनी, तोच गाल, न सांगता.

प्रभावतीने यंत्र टेकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. त्रेचाळीस पूर्णांक आठ दशांश. मग यंत्र दोनदा वाजलं. मोजलेला रंग जवळच्या नमुन्याशी ताडून बघायची त्याला जुनी सवय होती, आणि त्याच्या पोटात नमुना एकच होता. पडद्यावर लाल ओळ उमटली. प्रभावतीने त्यावर अंगठा ठेवला.

"आई, पास?" शिवांगी हसत म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "दे ना. मी कधी बघितलंच नाही त्यात काय येतं."

"कामाचे आकडे आहेत गं, तुला नाही..."

पण यंत्र शिवांगीच्या हातात गेलं होतं.

"नमुना: पट्टी पाच," तिने वाचलं. "फेल. आई, पट्टी काय?"

"पट्टी?" धनंजय मागून वाकला. "आमची पट्टी? अरे, ती माझी आयडिया! सात पायऱ्या, आठवड्याला एक. पाचवीला आम्ही ऑफिसात लग्नाची पायरी म्हणायचो." तो हसला, मग एकदम थांबला.

शिवांगीने खालचं बटण दाबलं होतं.

"शिवांगी, उजवा गाल. फेल." तिने पुन्हा बटण दाबलं. "शिवांगी, उजवा गाल. फेल. शिवांगी, उजवा गाल..." मराठी बोलताना अडखळणारी पोर आता अडखळत नव्हती. तारखांसकट ती वाचत गेली. तिचा दहावा वाढदिवस होता तो शनिवारही त्यात आला. वजीरा हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली. बाविसाव्या नोंदीनंतर यंत्राने पहिली पुन्हा दाखवली, आणि शिवांगी थांबली.

"फेल म्हणजे जुळत नाही, एवढंच," प्रभावती म्हणाली. "यंत्राची ती भाषाच असते. जास्त उजळ असलं तरी ते फेलच म्हणतं."

"कशाशी जुळत नाही?"

प्रभावतीने तिच्या हातून यंत्र घेतलं आणि बंद केलं.

"बापरे," धनंजय हळूच म्हणाला. "ताई, हे सोनं आहे. हे सिनेमात पाहिजे." तो खोलीत येरझारा घालू लागला. "रांगेचाच सीन. कंपनीच्या टेबलावर मशीन घेऊन बसलेली बाई. मुली येतात, ती मोजते. फेल, पुढची. फेल, पुढची. काय हसतील लोक! आणि मशीनवर तुम्हीच, ताई. दुसऱ्या कुणाला ते तसं धरता येणार नाही. शिवांगी, तू पहिली. क्लोजअप देतो तुला, अख्खा क्लोजअप. करशील?"

प्रभावती 'नाही' म्हणणार होती. शिवांगीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"करते," ती म्हणाली.

मग कामाला आल्या होत्या म्हणून काम झालं. प्रभावतीने वजीराला पिवळा, लाल आणि काळा रंग मोजून दिला, पांढरा अगदी चिमूटभर. पाचव्या खेपेला यशश्रीच्या गालावरचा फरक एकाच्या आत आला. एकाच्या आत आलं की माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही. दोघी शेजारी बसल्या, आणि खरोखरच कळला नाही.

परत जाताना शिवांगी मागच्या सीटवर बसली.

"तू नेहमी पास सांगायचीस," ती विमानतळाच्या वळणावर म्हणाली.

"हो."

"का?"

"तू विचारायचीस म्हणून."

घरी जेवताना शिवांगीने वडिलांना सगळं सांगितलं, इंग्रजीत, बातमी सांगावी तसं. दयानंद एसीच्या कामावरून आला होता. देवगडच्या उन्हातला आणि इथल्या गच्च्यांवरचा त्याचा रंग पोरीने जसाच्या तसा उचलला होता. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"माझा पण मोजलेलास काय गो?" त्याने विचारलं.

"नाही हो," प्रभावती म्हणाली. ते खरं होतं, पण त्याने कुणाला बरं वाटलं नाही.

आठवडाभर शिवांगी आईशी फक्त इंग्रजीत बोलली. बोलणं सभ्य होतं, कामापुरतं. प्रभावतीने दोनदा धनंजयला नकार कळवायला फोन हातात घेतला. दोन्ही वेळा आतल्या खोलीतून शिवांगीचा आवाज आला. आरशासमोर ती एकच शब्द म्हणून पाहत होती, वेगवेगळ्या तऱ्हांनी. "पास? ... पास? ... पास?"

शुक्रवारी व्हिलाच्या दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं. प्रभावतीला पांढरा कोट दिला होता, प्रयोगशाळेत ती घालायची तसलाच, फक्त नवा. टेबलासमोर दहा मुलींची रांग होती. शिवांगी पहिली, तिच्यामागे यशश्री, शिवांगीच्या रंगात.

"सोप्पं आहे, ताई," धनंजय म्हणाला. "ती गाल पुढे करते. तुम्ही मोजता. ती विचारते, पास? तुम्ही म्हणता, फेल, पुढची. दोन शब्द. चेहऱ्यावर काही आणू नका. रोज कारखान्यात करता तसंच करायचं. अ‍ॅक्शन!"

शिवांगीने गाल पुढे केला. यंत्राची कडी टेकली, बटण दाबलं गेलं.

"पास?"

"पास," प्रभावती म्हणाली.

"कट!" सगळे हसले. "ताई, सवय लागलीय तुम्हाला खोटं बोलायची."

दुसऱ्यांदा ती नुसता आकडाच बोलली. तिसऱ्यांदा पुन्हा तिच्या तोंडून "पास" बाहेर पडलं, आणि या वेळी कुणी हसलं नाही. दिव्यांच्या उष्णतेने वजीराच्या कामाला घाम फुटू लागला होता. ती कागदाने यशश्रीचं कपाळ टिपत होती. धनंजयने घड्याळ पाहिलं.

"राहू दे का?" तो शिवांगीला म्हणाला. "हवं तर हा शॉट काढूनच टाकू. रांगेवरून कॅमेरा फिरवतो, काम भागेल."

शिवांगी टेबलावर वाकली. आठवड्यात पहिल्यांदाच ती मराठीत बोलली, आईला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

"आई, बोल ना. माझा एकच सीन आहे."

"अ‍ॅक्शन."

कडी गालाला टेकली. शिवांगी किंचित खिदळली, थंडगार लागल्यावर खिदळायची तशी. ते कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"पास?"

प्रभावतीने पडद्यावरचा आकडा पाहिला. मग वर पाहिलं.

"फेल," ती म्हणाली.

शिवांगीचा चेहरा आधी तसाच राहिला, हसतानाचाच. मग ओठ तेवढे राहिले आणि डोळ्यांतलं गेलं. तिने मान हलवली, ठीक आहे असं सांगणारी, अगदी लहान मुलीची मान.

"कट," धनंजय म्हणाला. त्याने डोळे पुसले. "खलास. यापुढे काय बोलणार? ओके आहे." कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. वजीराने मात्र तोंड फिरवलं होतं.

प्रभावतीने यंत्र खाली ठेवलं आणि टेबलावरून हात पुढे केला. शिवांगीच्या गालावर कडीचा गोल उमटला होता, तो हळूहळू भरत होता. शिवांगीने तो हात पाहिला आणि मागे वळली.

"सर, वन मोर," ती म्हणाली. "आई ‘पुढची’ बोललीच नाही."

धनंजयने कागद पाहिला. "खरंच की. एकदा अजून घेऊ, ताई. होईल ना?"

शिवांगी जागेवर आली. तिने केस मागे घेतले आणि उजवा गाल पुढे केला. तिच्या खांद्यामागे यशश्री आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी होती, तोच रंग, डोळ्याला कळेल एवढाही फरक नाही. प्रभावतीने कोटाच्या टोकाने यंत्राची कडी पुसली आणि पुन्हा हातात घेतली.