तळघरातलं सुगंधी पाणी

चार बोटं

जिन्यावर रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात बाटली होती. रांग संपत होती आमच्या तळघरात. तिथे दोन शिलाई मशीन, आणि मशीनच्या पायांशी चार बोटं पाणी. पाण्याला गुलाबाचा वास.

मी तिथे पाय स्टुलावर घेऊन काजं-बटणं करते. चमत्कार सुरू झाल्यापासून माझा एक त्रास कमी झाला. आधी ते पाणी मी डब्याडब्याने बाहेर ओतायचे, आता लोक आपणहून भरून नेत होते.

"डोळ्यांना लावा," पुढची बाई मागचीला सांगत होती. "माझ्या जावेचा मोतीबिंदू निम्मा उतरला."

"निम्मा? कसं कळलं?"

"आधी तिला मी दिसतच नव्हते. आता अर्धी दिसते."

पाण्यात बोटं बुडवून मोजायचे ते कोरडेबाबा. पाणी शिरलेली घरं कोरडी करतात, म्हणून हे नाव. ते जमिनीला पितळी नळी लावायचे, नळीला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. बसायला कोरडी जागा मात्र आधी बघून घ्यायचे.

"पाणी बोलतं. तुम्ही ऐकत नाही, मी ऐकतो."

"काय म्हणतंय?" मास्तरांनी विचारलं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी, या घराचे मालक. गिऱ्हाइकांचं कापड रोज वरच्या फळीवर चढवून त्यांच्या कमरेत उसण भरली होती. भिंतीचे पोपडे सुटत होते. माणूस कशालाही हो म्हणेल अशा टोकाला आला होता.

"म्हणतंय, मला कुणीतरी बोलावून आणलंय. पाणी येण्याआधी घरात नवीन कोण आलं?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. वर ताई राहायची, मास्तरांची थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. नवऱ्याचं घर सोडून आठ महिन्यांपूर्वी ती इथे आली, आणि मागच्या खोलीत तिच्यासाठी नवं न्हाणीघर झालं. तळघरात पाणी आलं सात महिन्यांपूर्वी.

"बघा," बाबा म्हणाले. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हुकूम, भिंतीवर खडूने लिहिला होता तसा

बाईने तीन दिवस उंबऱ्याच्या आत येऊ नये.
तिच्या खोलीला आणि न्हाणीघराला कुलूप.
किल्ली बाबांकडे.
शंका घेतल्यास पाणी दुप्पट.

शून्य

ताई मैत्रिणीकडे गेली. पहिल्या दिवशी पाणी तीन बोटांवर आलं, दुसऱ्या दिवशी एकावर. तिसऱ्या दिवशी मी स्वतः जमिनीवर तळहात टेकला. दमट होती, पण पाणी नव्हतं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटून गेलं. खरंच हिच्यामुळे?

बाबांनी नळी गुंडाळली. म्हणजे फडक्यात, पितळ कसलं गुंडाळतंय.

"बाई कायमची गेली पाहिजे," ते म्हणाले. "रविवारपर्यंत. आणि तिची खोली रिकामी ठेवून चालणार नाही, रिकाम्या खोलीत पाणी परत शिरतं. तिथे मी बसेन. माझी गैरसोय होईल, पण तुमच्यासाठी सोसेन."

खोलीत उजेड छान, वारा छान आणि स्वतंत्र न्हाणीघर. केवढी ती गैरसोय!

स्वयंपाकघर

मी बटणांचा डबा द्यायला वर गेले तेव्हा ताई बॅग भरायला आलेली होती. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, चहाच्या कपाशी चाळा करत होती. मास्तरांची आणि ताईची आई खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"वन्सं, आम्ही काय तुम्हाला हाकलतोय का?" वहिनी म्हणाली. "पण गिऱ्हाइकांचं कापड भिजतंय. दुकान गेलं तर खायचं काय?"

"मी तरी कुठे जाऊ, वहिनी? परत तिकडे?"

तिकडे म्हणजे काय, हे तिच्या मनगटावरच्या जुन्या व्रणाकडे पाहिलं की कळायचं.

टेबलावर कुणीतरी विसरलेली, तळघरातल्या पाण्याची बाटली होती. ताईने झाकण उघडून वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा तर माझा साबण आहे."

"वन्सं, काहीतरीच! लोक डोळ्यांना लावतात ते."

"म्हणूनच सांगतेय. डोळे चुरचुरतील त्यांचे."

वहिनीला ते पटलं नाही. ताईनेही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून कागदाची एक पुडी घेऊन आली.

रविवार

बाबांच्या गृहप्रवेशाला गर्दी लोटली होती. ताई हात जोडून पुढे झाली. तिचा तो नम्रपणा बघून मलाच धास्ती वाटली.

"महाराज, खोली तुमची. पाणी तापवून ठेवलंय. आंघोळ करून मगच बसा."

"तू मात्र बाहेर!"

"ही निघाले." ती बॅग घेऊन समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. दोनशे माणसांनी पाहिलं. जाताना मला म्हणाली, "तळघरात बस. पाणी आलं तर मोठ्याने ओरड."

बाबांनी मनसोक्त आंघोळ केली. वरून बादल्यांचा आवाज येत होता. सहापर्यंत मी मोजल्या. मध्येच गाणंही झालं.

वीस मिनिटं गेली. माझ्या मशीनच्या पायापाशी, फरशीच्या सांध्यातून, पाणी वर आलं. हिरवंगार. भर उन्हात पोपट बसावा तसं.

मी ओरडले.

एक बोट, हिरवं

लोक खाली धावले, त्यांच्यामागे टॉवेल गुंडाळलेले बाबा.

"विष बाहेर पडतंय!" ते गरजले. "तिचं विष!"

"मी तर रस्त्यावर होते," जिन्यावरून ताई म्हणाली. "आत तुम्ही होतात. तुमच्या आंघोळीआधी मी मोरीच्या जाळीत हिरव्या रंगाची पूड टाकली. वर ओतलेलं पाणी खाली निघालं, एवढंच. मी राहिले तर माझ्या आंघोळीचं, तुम्ही राहिलात तर तुमच्या आंघोळीचं. तीन दिवस कुलूप होतं, कुणी आंघोळ केली नाही, म्हणून जमीन सुकली."

बाटलीवाली बाई हळूच म्हणाली, "म्हणजे मी जावेच्या डोळ्यांत..."

"हो मावशी."

मागून एक जण हसला. तो प्लंबर, ताईने बोलावून ठेवलेला. तो बाबांकडे निरखून बघत होता.

"अरे, तू! माझ्या उस्तादाकडे पाइप उचलायचास ना? घरात शिरल्या शिरल्या उस्ताद हेच विचारायचे, नवीन काय झालंय इथे? तेवढं बरं लक्षात ठेवलंस, फक्त 'काय'चं 'कोण' केलंस!"

बाबांनी काहीतरी पुटपुटत कपडे शोधले. नळी विसरून गेले. ती आता माझ्याकडे आहे. सुया ठेवायला बरी पडते.

खणल्यावर

न्हाणीघराची फरशी उचलली. सांडपाण्याचा पाइप मास्तरांनी स्वतः बसवला होता. दोन पाइपांचं माप घेतलं ते शिंप्याच्या टेपने, आणि कापताना एक वीतभर तोकडा कापला. मग तो सांधा त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीने जोडला, दुहेरी टाका घालून, वर मेण लावून. शिवण अप्रतिम होती. महिन्याभरात कुजली.

"असा टाका मी जन्मात पाहिला नाही," प्लंबर म्हणाला, "आणि असा पाइपही." त्याने नवा पाइप घातला, उतार दिला, सांधा पक्का केला आणि वर झाकण ठेवलं, उघडून बघता यावं म्हणून.

मास्तर ताईच्या खोलीत तिच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले. "चुकलो गं ताई."

"पाइप चुकला, ते चालायचंच," ती म्हणाली. मग खिडकीशी बसलेल्या आईकडे वळली. "आई, तू काहीच बोलली नाहीस."

आईने खिडकीकडची मान वळवली. "जमीन कोरडी झालेली डोळ्यांनी दिसली गं."

ताईने बॅग उघडली आणि कपडे एक एक करून परत कपाटात ठेवले. आई उठून घड्या घालून देऊ लागली.

कोरडं

म्हणून सांगते. तुमच्या घराखाली पाणी आलं तर वास घ्या, नळ बंद करून बघा, मोरीत रंग टाका, फरशी उचला. आणि कुणी म्हणालं की अमक्या माणसाला काढलं की पाणी जातं, तर त्यालाच आधी तुमच्या न्हाणीघरात आंघोळ घाला आणि तळघरात जाऊन बसा. पाणी कुणाचा पायगुण बघत नाही. ते फक्त उतार बघतं.