रत्नाचा पाण्यावरचा रस्ता

जयवंतनं एकतीस वर्षं एसटी चालवली. माळशेजच्या घाटात त्यानं धुक्यातून गाडी उतरवली, यात्रेच्या गर्दीत टपावर माणसं बसलेली गाडी सुखरूप पोहोचवली, आणि दुसऱ्यांच्या लग्नांची वऱ्हाडं किती वेळा नेली याची तर गणतीच नव्हती. पण स्वतःच्या बायकोला घेऊन, नुसतं फिरायला म्हणून, तो कधी घराबाहेर पडला नव्हता. नागपूरला दीक्षाभूमीवर एकदा जाऊन आले, तेवढंच.

दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीत रत्ना नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली. जयवंत तिच्या आधी दोन वर्षं घरी बसला होता. निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मुलगा प्रबुद्ध चाकणहून अवसरीच्या घरी आला आणि जेवताना म्हणाला, "आई, आता दोघं कुठंतरी जाऊन या. गोवा, महाबळेश्वर, कुठंही. तिकिटं मी काढतो."

रत्नाला विचार करावा लागला नाही. "मला डिंभ्याच्या पाण्यावर दोन दिवस फिरायचंय. होडीतून. तुझ्या बाबांना घेऊन."

प्रबुद्ध हसायला लागला. "अकरा वर्षं त्याच पाण्यावरून ये-जा केलीस. कंटाळली नाहीस का?"

"कामाला गेले रे. फिरायला कुठं गेले?"

डिंभे धरणाचं पाणी चढलं तेव्हा पलीकडच्या डोंगरातल्या काही वाड्या एकट्या पडल्या. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. म्हणून रत्ना दर बुधवारी लसीचा डबा मांडीवर घेऊन होडीनं पाणी ओलांडायची आणि उंबरवाडीपासून सुरुवात करून वरच्या वाड्या पायी करायची. पोरांना डोस, बाळंतिणींना गोळ्या, म्हाताऱ्यांचं ऐकून घेणं. संध्याकाळी पुन्हा होडी, पुन्हा एसटी, आणि दिवेलागणीला घर.

"जाऊ की," जयवंत म्हणाला. "त्यात काय एवढं!"

म्हणाला खरा, पण हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि सहलीचं वेळापत्रक केलं. सात दहा, अवसरी फाटा. आठ वाजता घोडेगाव, चहा, दहा मिनिटं. नऊ वाजता डिंभे. नऊ पंधराला होडी सुटणार. दहा पाचला उंबरवाडी. मुक्काम तिथल्या, रत्नाच्या ओळखीच्या साळुबाईच्या घरी. दुसऱ्या दिवशी होडीनं वरच्या अंगाला, जिथं डोंगर जवळ येतात आणि पाणी अरुंद होतं तिथपर्यंत. बरोबर काय न्यायचं त्याची यादी वेगळी.

रत्नानं कागद वाचला. "आणि वारा सुटला तर?"

"तर लेट. दहा मिनिटं जादा धरल्यात."

"पाण्याला दहा मिनिटं कळतात व्हय हो?" ती हसली. मग तिचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर थांबलं. "तारीख कुठंय?"

तारीख नव्हती. आधी गहू काढून होऊ दे, असं तो म्हणाला. गहू निघाला. मग पाव्हण्यांकडचं लग्न. ते झाल्यावर म्हणाला, "आता जयंतीनंतरच जाऊ. चौदा एप्रिल झाली की मोकळं." रत्ना बरं म्हणाली, पण कागदाची घडी घालून तिनं तो कपाटात ठेवला, भिंतीवर लावला नाही. जयवंतला ते लागलं.

खरी गोष्ट अशी होती की जयवंतला पाण्याची भीती वाटायची. त्याच्या लहानपणी गावच्या पोहायच्या विहिरीत त्यांच्या वस्तीतल्या पोरांना उतरू देत नव्हते. बाकीची पोरं धडाधड उड्या मारायची आणि हा काठापासून लांब उभा राहून बघायचा. पोहायला शिकायचं वय असंच बघण्यात गेलं. पुढे नोकरीत एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावरून पाणी चाललं होतं. मागचे ओरडत होते, घाला राव, घाला. यानं गाडी घातली आणि ती बरोबर मधे बंद पडली. पाणी पायरीला लागलं. दोर लावून चाळीस माणसं बाहेर काढली तेव्हा सगळ्यांत शेवटी जयवंत उतरला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं, "गाडी बंद पडली व्हती, म्हणून उशीर झाला." त्याला वाटलं, पुढच्या बुधवारी रत्नाला होडीत बसायचंय, तिच्या डोक्यात कशाला भरवायचं. तेव्हापासून मात्र नुसत्या भरलेल्या हौदात वाकून बघायची वेळ आली तरी तो मागं सरायचा.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो रत्नाला म्हणाला, "होडीवाल्याला भेटून बोलणी करून येतो." आणि एकटाच डिंभ्याला गेला. मनात होतं, होडीवालाच काहीतरी अडचण सांगेल, मग आपल्याला सांगावं लागणार नाही.

धरणाच्या बाजूला उताराखाली दोन होड्या बांधलेल्या होत्या. समोरच्या डोंगरावर पळस फुलला होता आणि त्याचा शेंदरी रंग पाण्यात उतरला होता. गेणू होडीवाला काठावर बसून वल्ह्याला दोरी आवळत होता. पन्नाशीचा, काटक माणूस. जयवंतनं नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

"नर्सबाईंचं मालक का तुमी? या, बसा भाऊ. लई दिसांनी बाईंचं नाव ऐकलं."

जयवंतनं जयंतीनंतरचा बेत सांगितला. गेणूनं लगेच मान हलवली.

"तवा न्हाई जमायचं. कालव्याला पाणी सोडलंय. रोज पाणी खाली चाललंय. एप्रिलच्या मधावर उंबरवाडीच्या उताराला निस्ता गाळ असतोय, गुडघ्याएवढा. होडी टेकतच न्हाई. यायचं तर ह्या आठ दिसात या. आत्ता पाणी बी हाय, वारं बी सकाळचं निवांत असतंय. ह्याच्यासारखा टाइम न्हाई."

अडचण मिळाली होती, पण उलट्या बाजूनं. जयवंत पाण्यापासून दोन पावलं मागं आला. गेणूनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

"पोहता येतंय का भाऊ?"

"न्हाई."

"होडीत कधी बसलाय?"

"न्हाई."

"मग आत्ता बसा. बांधलेलीच हाय, कुठं जात न्हाई."

काठावर दुसरं कुणी नव्हतं. जयवंतनं चपला काढल्या. एक पाय होडीत ठेवला तशी ती अंगाखालून सरकली आणि त्यानं गेणूचा खांदा असा धरला की त्या माणसाचा सदरा टरकला. कसाबसा फळीवर बसला. दोन्ही हातांनी कड गच्च धरली. पाण्याचा चपचप आवाज बरोबर त्याच्या बुडाखालून येत होता.

"बाईंनी बी अशीच धरली व्हती," गेणू म्हणाला.

"कुणी?"

"तुमच्या बाईंनी. पैलं वरीस अख्खं. डोळं मिटून घ्यायच्या आन वल्ही मोजायच्या. मोठ्यानं. एक, दोन, तीन... पार चारशे दहा-वीसपातुर. मी म्हणायचो, बाई, डोळं उघडा, काय हुत न्हाई. तर म्हणायच्या, तू मार रं वल्ही, माझा आकडा चुकवू नको. एकदा तर वाऱ्यानं होडी लई हालली, तवा रडल्या. पर डबा न्हाई सोडला हातचा. उतरल्या, तोंड धुतलं आन गेल्या वाडीला." तो थोडा थांबला. "तुमाला ठावं न्हाई व्हय हे?"

जयवंतला ठाऊक नव्हतं. तो बांधलेल्या होडीत बसून राहिला. रत्ना बुधवारी घरी यायची, पदर खोचून भाकरी थापायला बसायची आणि म्हणायची, "आज पाणी निवांत व्हतं." कधी म्हणायची, "आज वारं व्हतं जरा." तो "बरं बरं" म्हणायचा आणि बातम्या लावायचा. वारं होतं म्हणजे काय होतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. हात कधी सुटले ते त्याला कळलंच नाही. गेणूनं बिडी संपवली आणि विचारलं, "मग? काय सांगू साळुबाईला?"

"शनिवारी येतो," जयवंत म्हणाला.

घरी पोहोचला तेव्हा रत्ना अंगणात गहू चाळत होती. तो तिच्यासमोर पायरीवर बसला.

"शनिवारी जायचं. पाणी उतरायच्या आत."

"आन जयंतीनंतरचं?"

"ते मी मुद्दाम लांबवत व्हतो. मला भ्या वाटतं, रत्ना. पाण्याचं." आणि मग त्यानं विहिरीचं सांगितलं, पुलावरच्या गाडीचं सांगितलं, चाळीस माणसांचं, दोराचं. रत्नाच्या हातातली चाळण थांबली.

"एवढं झालं, आन मला म्हणालात गाडी बंद पडली?"

"बंदच पडली व्हती की."

"अहो!"

"आन तू? चारशे दहा वल्ही मोजायचीस, ते कुठं सांगितलंस?"

रत्ना एकदम लाजल्यासारखी झाली. "गेण्या बोलला व्हय? त्याच्या पोटात काय राहील तर शपथ." मग चाळणीतले गहू उगाच सारखे करत ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी नोकरी सोड म्हणाला असता. मला सोडायची नव्हती. पैलं वरीस भ्याले. मग एक दिवस मोजता मोजता आकडा विसरले आन डोळं उघडलं. आपण बरोबर मधोमध. चारी बाजूंनी डोंगर. कुणाचा आवाज न्हाई. तवापासनं दर बुधवारी तिथं आलं की मला वाटायचं, हे ह्यांनी बघाया पायजे. तुमी मला सगळ्या रस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या. माझा रस्ता तुमी पाहिलाच न्हाई."

 जयवंत उठला, कपाटातला कागद आणला आणि वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. रत्नानं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि होडी सुटल्यापासूनच्या सगळ्या वेळांवर आडवी रेघ मारली.

"घोडेगावचा चहा तेवढा राहू दे," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ते धरणावर उतरले तेव्हा जयवंतच्या खांद्यावर एसटीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब होती. डेपोतल्या जुन्या दोस्ताकडून ती त्यानं मागून आणली होती. फाट्यावरून ती बसमध्ये चढवताना कंडक्टरनं तिचं तिकीट फाडायची धमकी दिली होती. गेणू ती बघून हसून हसून खाली बसला.

"भाऊ, होडीत माणसं बसवू का हे चाक?"

"दोन्ही," जयवंत म्हणाला. रत्नानं ट्यूब मधे आडवी टाकली आणि स्वतः तिच्यावर बसली. "झाली की खुर्ची."

"निघायचं का?" गेणूनं विचारलं.

जयवंतनं एकदा काठाकडं पाहिलं, एकदा रत्नाकडं. "डबल बेल," तो म्हणाला.

पहिली पन्नास-साठ वल्ही त्यानं कड धरूनच काढली. रत्नानं त्याच्या हातावर हात ठेवला होता. ती मोजत नव्हती, दाखवत होती. तो सुळका, त्याच्या खाली हिरड्याची झाडं. ती पांढरी रेघ म्हणजे पावसाळ्यातलं पाणी तिथपर्यंत होतं. तो काळा ठिपका पाणकावळा, आता बुडी मारील बघा. त्यानं खरंच बुडी मारली, आणि जयवंत तो कुठं वर येतोय ते शोधायला मान वळवून बसला. वळायचं तर एक हात सोडावा लागला. पाणकावळा बराच लांब, भलतीकडंच वर आला.

"आयला!" जयवंत म्हणाला.

गेणूनं वल्ही थांबवली. होडी आपोआप थोडी पुढं सरकली आणि मग उभी राहिली. वारा नव्हता. एका काठावरचा पळस आणि दुसऱ्या काठावरची काटेसावर सारख्याच लांब दिसत होत्या. जयवंतनं एका हातानं कड अजून धरली होती, पण डोळे मिटले नाहीत. एकतीस वर्षांत गाडीच्या काचेतून त्याला समोरचंच दिसत आलं होतं. इथं सगळीकडंच समोर होतं.

"इथंच," रत्ना हळू म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. मग चारी बाजूंना मान फिरवत, "बुधवारी पावसात इथं कसं दिसायचं?"

हे विचारायला त्याला अकरा वर्षं लागली होती, पण रत्नानं ते बोलून दाखवलं नाही. ती सांगू लागली. पावसात समोरचा काठ नाहीसा व्हायचा ते, डब्यावर प्लास्टिक गुंडाळायची ते, एकदा सारजाबाई नावाची बाळंतीण ह्याच होडीतून दवाखान्यात नेली आणि काठ यायच्या आत पोरगी झाली ते. गेणूही मधेमधे भर घालत होता. जयवंत प्रश्नावर प्रश्न विचारत होता. होडी पुन्हा कधी निघाली ते त्याला समजलं नाही.

उंबरवाडीचा उतार दिसायला लागला तसं त्यानं गेणूला विचारलं, "हे वल्हं जरा बघू का?" रत्ना "अहो" म्हणेपर्यंत त्यानं ते घेतलंसुद्धा. होडीनं पहिल्यांदा स्वतःभोवती एक चक्कर मारली. दुसऱ्यांदा अर्धी मारली. गेणू सांगत होता, जोर नगं, निस्तं ढकला. तिसऱ्या खेपेला ती वाकडीतिकडी का होईना, काठाकडं निघाली आणि उतारापासून चांगली वीस हात बाजूला, कोवळ्या गवतात जाऊन टेकली.

काठावर साळुबाई आणि वाडीतल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. "नर्सबाई, आज सुई न्हाई ना आणली?" एकीनं ओरडून विचारलं आणि सगळ्या हसल्या. साळुबाई पुढं आली, तिनं रत्नाला हात देऊन उतरवलं आणि जयवंतला म्हणाली, "या पावणं. उद्या दुपारी जायाचं म्हणत व्हता नव्हं?"

जयवंत ट्यूब खांद्यावर घेऊन ओल्या गवतात उभा होता. त्याच्या पायांना अजून होडीचं हलणं जाणवत होतं. त्यानं मागं वळून वरच्या अंगाकडं पाहिलं, जिथं पाणी डोंगरामागं वळत होतं.

"ते आता बाई ठरवतील," तो म्हणाला.

"सोमवारी," रत्ना म्हणाली, आणि साळुबाईबरोबर वाडीची चढण चढायला लागली.